हिरव्या तारेचे दुसरे टोक

आमच्या मालेगावात रामकिसन ढोबळे तीस वर्षे वायरिंगचे काम करतात. माझी सून राधिका तान्ह्या बाळासह दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी येणार होती. त्याआधी गीझर बसवण्यासाठी मी त्यांना बोलावले.

त्यांनी गीझरचे खोके उघडलेच नाही. प्रथम एका बल्बची एक तार न्हाणीघराच्या बोर्डातील फेजला आणि दुसरी अर्थिंगला टेकवली. बल्ब पेटला नाही.

"गुरुजी, अर्थिंगच नाही," ते मला म्हणाले.

"हिरवी तार दिसते ना!" माझा मुलगा गोपाल चिडला. "लावून टाका भाऊ, बाकीचं मंग पाहू."

"मंग कधी? पोरीले आंघोळीत झटका बसल्यावर?"

"मी दुसरा मिस्त्री आनतो."

"आन. त्यालेबी मी हात लावू देत नाही."

रामकिसन न्हाणीघराच्या दारातच उभे राहिले. दोघेही हटेनात. अखेर मीच हिरव्या तारेचा माग काढत परसात गेलो. तिचे टोक नळाच्या पाइपला बांधलेले होते. तिथला जुना लोखंडी पाइप काढून मीच गतवर्षी प्लास्टिकचा बसवून घेतला होता. तार जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हती.

मी हे सांगताच गोपालचा चेहरा उतरला. त्याने कुदळ उचलली.

सायंकाळपर्यंत परसात अर्थिंगचा खड्डा झाला. त्यात लोखंडी नळी, कोळसा, मीठ आणि पाणी पडले. रामकिसनांनी हिरवी तार त्या नळीला जोडली आणि पुन्हा बल्बच्या तारा बोर्डात टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला.

"आन आता खोकं," ते गोपालला म्हणाले.