बॉम्ब शेल्टरमधलं सामान

विमा कंपनीकडून बाई येणार होत्या त्या सकाळी मी पांढरा शर्ट घातला. आदल्या संध्याकाळी व्हीलचेअरवर बसून मीच त्याला इस्त्री केली होती. बायको म्हणाली, "मुलाखतीला चाललात का?" मला हसू आलं नाही, कारण माझ्या लेखी ती मुलाखतच होती.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात शिकून मी इंजिनिअर झालो. वडील एस.टी. डेपोत हेल्पर होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. सिंगापूरला जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी डेपोत पेढे वाटले. बेटावर जायला गळ्यात पास आणि कंपनीची बस. ती बस एका संध्याकाळी परतताना सिग्नलला उभी असताना मागून एक लॉरी येऊन आदळली. मी शेवटच्या सीटवर होतो. बाकीच्यांना मुका मार लागला, माझ्या मात्र पाठीच्या मज्जारज्जूला इजा झाली.

किती महिने इस्पितळात गेले ते सांगत बसत नाही. शेवटी जे उरलं ते असं: कमरेपासून वर मी पूर्वीसारखाच. खाली पायांना कॅलिपर बांधून, वॉकर धरून, चांगला दिवस असेल तर चार-सहा पावलं टाकू शकणारा. लघवी आणि शौच यांच्यावर ताबा नाही. एका कुशीवर फार वेळ पडून राहिलो तर कातडी फाटते आणि मला ते कळत नाही.

तरी तक्रार करायला मला लाज वाटायची. इस्पितळातल्या नर्सेसनी घरच्या माणसासारखं केलं होतं. साहेबांनी नोकरी राखून मला क्वीन्सटाउनजवळच्या ऑफिसात टेबलाचं काम दिलं होतं, त्यामुळे नोकरीवर मिळालेला राहण्याचा परवाना टिकला आणि आम्हाला देश सोडावा लागला नाही. एवढं मिळाल्यावर आणखी काही मागणं मला उद्धटपणाचं वाटायचं. नुकसानभरपाईचा दावा मी केला तोही बायकोने आणि वकीलबाईंनी मागे लागून.

वकीलबाई तिथल्याच, तमिळ घरातल्या, कमी बोलणाऱ्या. चूक लॉरीवाल्याची होती हे समोरच्या विमा कंपनीने मान्यच केलं होतं. वाद उरला होता भरपाई किती, एवढाच. त्यांनी मला एक गोष्ट दोनदा समजावून सांगितली. ही रक्कम एकदाच ठरते. पुढे प्रकृती ढासळली, बायको थकली, तरी पुन्हा कोर्टाचं दार ठोठावता येत नाही. आणि सगळ्यात मोठी मागणी होती ती रात्री माझं करायला पगारी माणूस ठेवण्याच्या खर्चाची. समोरच्यांचं म्हणणं होतं की, हा गृहस्थ ऑफिसला जातो, स्वतः पलंगावरून खुर्चीत सरकतो, बायको घरीच असते, मग माणूस कशाला? ते ठरवायला त्यांची तज्ज्ञ थेरपिस्ट घरी येऊन मला बघणार होती.

"जसं आहे तसं दाखवा," वकीलबाई म्हणाल्या. "जास्त नाही, कमी नाही."

जास्त दाखवायचं नाही, हे माझ्या मनात पक्कं बसलं. त्याला एक कारण होतं. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, मूळ पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, अधूनमधून भेटायला यायचे. दाव्याचं कळल्यावर ते चहा पिता पिता म्हणाले होते, "म्हणजे तुझा फोर-डी लागला म्हणायचा." फोर-डी म्हणजे तिथली चार आकड्यांची लॉटरी. मग त्यांनी कुणाकुणाच्या गोष्टी सांगितल्या: पाठ मोडली म्हणून पैसे घेतले आणि नंतर बॅडमिंटन खेळताना सापडले. "तू तसला नाहीस म्हणा," असंही म्हणाले.  मला कुणी सोंगाड्या म्हणू नये, एवढंच त्या दिवसापासून डोक्यात राहिलं.

म्हणून मी तयारीला लागलो. आयुष्यात तयारीशिवाय कुठल्या परीक्षेला मी बसलो नव्हतो. ऑफिसातून आल्यावर गुळगुळीत फळी लावून पलंगावरून खुर्चीत सरकण्याचा सराव. कॅलिपर बांधून हॉलमध्ये वॉकरवर उभं राहायचं, सोफ्यापासून खिडकीपर्यंत जायचं. खिडकीतून एलआरटीचे, म्हणजे तिथल्या छोट्या शहरी रेल्वेचे, डबे जाताना दिसायचे. पुढची गाडी येईपर्यंत उभा राहिलो तर पास, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. बायको मागे उभी असायची, मी पडलो तर धरायला. एकदा ती म्हणाली, "एवढं करून उद्या काय मिळवायचंय?" मी म्हणालो, "निदान प्रयत्न करतोय हे तरी दिसू दे त्यांना."

घरही आवरायचं होतं. सेंगकांगमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तिथल्या नव्या फ्लॅटमध्ये असतंच तसं, एक बॉम्ब शेल्टर होतं. बिनखिडकीची, जाड भिंतींची कपाटाएवढी खोली आणि तिला पोलादी दार. युद्ध झालं तर आत बसायचं. एरवी लोक तिथे सुटकेसा आणि तांदूळ ठेवतात. मी बायकोला म्हणालो, ती कमोडची खुर्ची तिथे टाक. मग डायपरची खोकी. लघवीच्या नळ्या, हातमोजे, रबरी चादरी, जखमेच्या पट्ट्या, मला उचलायचा कापडी झोळा, हवेच्या गादीचा पंप. तिने एकेक नेऊन आत लावलं. एका हाताने ओढत होती, हे मी पाहिलं, पण जड आहे म्हणून ओढतेय असं मला वाटलं.

"पाहुण्यांना हे कशाला दाखवायचं?" मी म्हणालो.

"त्या पाहुण्या नाहीत," ती म्हणाली. पण दार लावून घेतलं.

आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा गुरुजी धड वाचता न येणाऱ्या पोरांना मागच्या मैदानावर दगड वेचायला पाठवायचे. पुढच्या बाकावर आम्ही, धुतलेल्या कपड्यांतले. साहेब विचारायचे, आम्ही घडाघडा म्हणायचो, शाळेला चांगला शेरा मिळायचा. त्यात काही गैर आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. मला तर त्या सकाळीही वाटलं नाही.

थेरपिस्टबाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, चिनी, हळू आवाजात बोलणाऱ्या. दाराशी बूट काढून त्यांनी ते नीट जोडून ठेवले, ते मला आवडलं. पोहे केले होते. त्यांनी थोडे खाल्ले, तिखट आहेत म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. मग कामाला लागल्या.

मी सगळं करून दाखवलं. सरकलो, बसलो, शर्टाची बटणं काढून लावली, कॅलिपर स्वतः बांधले. वॉकर धरून उभा राहिलो आणि सोफ्यापासून खिडकीपर्यंत गेलो. घामाने शर्ट पाठीला चिकटला. बाई म्हणाल्या, फार छान. मला खरोखरच आनंद झाला. त्या लिहीत होत्या आणि मी लिहिणाऱ्या हाताकडे बघत होतो.

मग त्यांनी विचारलं की रात्री कूस बदलायला कुणी लागतं का?

मी म्हणालो, मी सांभाळतो.

पोट साफ करायला?

तेही जमतं, मी म्हणालो. सवय झाली आहे.

त्यांनी तेही लिहिलं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. ती दोन वर्षं बालवाडीत मदतनीस होती, माझ्या अपघातानंतर सोडावं लागलं. इंग्रजी तिला चांगलं कळायचं, बोलायला ती बिचकायची. ती माझ्याशी मराठीत बोलली, अगदी हळू, समोर परकं माणूस आहे म्हणून चेहरा हसरा ठेवून.

"अहो, खरं सांगा. नाहीतर मी सांगते."

मी म्हणालो, "आत जा."

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. त्या स्वरात मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. ती आत गेली नाही. हॉल ओलांडून ती शेल्टरपाशी गेली आणि दारावरचा दांडा डाव्या हाताने वर ढकलायला लागली. तो घट्ट बसला होता. तिने खांदा लावला. दार उघडलं आणि एकावर एक रचलेल्या डायपरच्या खोक्यांतलं एक बाहेर येऊन पडलं.

बाई उठल्या. दाराशी उभं राहून त्यांनी आतलं सगळं पाहिलं, कशालाही हात लावला नाही. मग बायकोला एकेक विचारू लागल्या. बायको तुटक इंग्रजीत सांगत गेली. रात्री गजर लावून उठते. यांना कुशीवर करते. चादर ओली असेल तर बदलते. सकाळी पोट साफ होईपर्यंत हातमोजे घालून बसते, कधी त्यात तास जातो. मागे एकदा तिला ताप होता, गजर ऐकू आला नाही, तेव्हाची जखम भरायला पावसाळा अख्खा गेला. हे सगळं माझ्या देखत, एका परक्या बाईला. मी भिंतीकडे बघत होतो. मला तिचा राग आला होता, हे लिहायला हवं.

मग बाईंनी तिला विचारलं, हा हात वर करता का?

बायकोने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या उंचीला येऊन थांबला. तिने ओठ आवळले, हात आणखी थोडा हलला आणि खाली आला.

किती दिवस झाले, बाईंनी विचारलं.

"केस कापले तेव्हापासून," बायको म्हणाली.

तिचे केस कमरेपर्यंत होते. काही महिन्यांपूर्वी तिने ते मानेपर्यंत कापून घेतले. इथे उकडतं, असं मला म्हणाली होती. मी म्हणालो होतो, बरे दिसतात. वेणी घालायला हात मागे जात नव्हता, हे मला त्या हॉलमध्ये, शत्रुपक्षाच्या माणसाबरोबर एकाच वेळी कळलं.

बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, मला पैसे तुमच्या विरुद्ध बाजूचे लोक देतात, पण मी जे बघते तेच लिहिते. आतापर्यंत तुम्ही जे दाखवलं तेवढंच मी पाहिलं आहे. आता बाथरूममध्ये जाऊन कमोडवर बसून दाखवा.

आमच्या बाथरूमला उंबऱ्यासारखी कड होती. रोज बायको मागून खुर्ची उचलून ती पार करायची. मी सगळी ताकद सोफा ते खिडकी यांत घालवून बसलो होतो. कडेपाशी पोचलो तोवर डावा पाय आपोआप झटके देऊ लागला. शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली होती. बायको सवयीने मागे आली, बाईंनी तिला हाताने थांबवलं. दोघी बघत होत्या. मी दोन्ही हातांनी चाकं धरली आणि खुर्ची कडेवर चढवायचा प्रयत्न केला. एकदा. पुन्हा.

शाळेत उत्तर आलं नाही तर उभं राहून म्हणावं लागायचं, येत नाही. माझ्यावर ती पाळी कधी आली नव्हती.

"मला येत नाही," मी म्हणालो. इंग्रजीत म्हणालो, पण मनात ते मराठीतच उमटलं.

बाईंनी मान हलवली आणि लिहिलं. मग स्वतः मागे येऊन त्यांनी माझी खुर्ची कडेवरून पलीकडे घेतली. दमलेल्या दिसल्या. जाताना बायकोला एका खांद्याच्या डॉक्टरचा पत्ता देऊन गेल्या.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. खोकं तसंच हॉलमध्ये पडलेलं होतं. मी म्हणालो, "मला सांगायचं तरी."

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली. मग माझ्या ताटात भात वाढला, डाव्या हाताने.

त्यानंतरचे आठवडे अवघड गेले. अहवाल काय येतो यावर सगळं होतं, आणि मी आधी दिलेली उत्तरं त्यात असणारच होती. वकीलबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. अहवाल आला तेव्हा त्यांनी तो मला वाचून दाखवला. खिडकीपर्यंतची पावलंही त्यात होती. पण पुढे लिहिलं होतं की हा रुग्ण आपल्या गरजा कमी करून सांगतो, आणि त्या गरजा सध्या त्याची पत्नी स्वतःच्या शरीराची हानी करून भागवते आहे. रात्रीसाठी पगारी माणूस आवश्यक. विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञानेच तसं म्हटल्यावर त्यांना फारसं भांडता आलं नाही. सुनावणीच्या आधीच तडजोड झाली. मागितलं तेवढं मिळालं नाही. रात्रीच्या माणसाचा खर्च मिळाला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "काय लिहिलंय तुमच्याबद्दल?"

"नापास," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

रात्री माझं करायला एक माणूस येऊ लागला. तिच्या खांद्यावर इलाज झाला, हात कानापर्यंत येऊ लागला, त्याच्या वर मात्र नाही. केस तिने तसेच आखूड ठेवले. आता सवय झाली म्हणते.

पुढे एका रविवारी ते बँकेतले गृहस्थ आले. कमोडची खुर्ची हॉलमध्येच होती. शेल्टरमध्ये पुन्हा तांदूळ आणि सुटकेसा होत्या. त्यांची नजर खुर्चीवर गेली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. कोर्टाच्या केसचं काय झालं, विचारलं. मिटली, मी म्हणालो.

"लागला म्हणजे फोर-डी," ते म्हणाले.

मी नेहमीसारखा हसणार होतो. बायको चहा घेऊन आली होती. तिने कप त्यांच्या हातात दिला, कमोडची खुर्ची पायाने त्यांच्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "भावजी, बसून बघता का जरा? हेच लागलंय."

त्यांनी कप खाली ठेवला. मी त्या वेळी हसलो नाही, आणि विषयही बदलला नाही. खुर्ची आमच्या मध्येच राहिली. त्यांनी चहा संपवला.