घरात चालेल, बाहेर चालेल असं पिस्तूल

किस्से फ्रीजरमधल्या डब्यांसारखे असतात. एकावर एक रचले जातात आणि मागचा हवा असेल तर पुढचे सगळे आधी बाहेर काढावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या आमच्या छोट्याशा मराठी कंपूत सगळ्यात जास्त डबे अविनाशच्या पिस्तुलाचे आहेत.

अविनाश म्हणजे अवि. मूळ पुण्याचा, इथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. मेधा त्याची बायको. मी गॅस प्लान्टवर इंजिनीअर आणि बऱ्याचदा अविचा ड्रायव्हर, कारण सुरुवातच त्याची गाडी चोरीला जाण्यापासून झाली.

* * *

चोर आले ते भर दुपारी. अवि ड्युटीवर, मेधा आंघोळीला. ती बाहेर आली तर किचनचं दार सताड उघडं, गाडीची किल्ली गायब आणि ओट्यावरचा चकल्यांचा डबाही गायब!

गाडी मिळाली. मागच्या सीटवर डबा होता, रिकामा. मेधा म्हणाली, "चला, कुणीतरी तळापर्यंत खाल्ल्या! तुम्ही लोक नेहमी दोन उरवता."

आम्ही खूप हसलो. पण त्यानंतर अविची नाईट असली की मेधा दिवे लावून हॉलमध्ये बसून राहायची. "मला इथे नाही राहायचं रे," ती माझ्या बायकोला सांगायची तसं एकदा मलाही म्हणाली. अविला तिचा तो चेहरा बघवत नव्हता. त्याने ठरवलं, पिस्तूल घ्यायचं!

* * *

मग काय, बार्बेक्यूला दुसरा विषयच नाही. अविला एकच पिस्तूल हवं होतं. घरी चोरासाठी चालेल आणि कॅम्पिंगला मगरीसाठीही चालेल. एक जण म्हणे रिव्हॉल्व्हर घे, अडकत नाही. दुसरा म्हणे छे, नाईन एमएम. मी म्हटलं, वजन बघ, कमरेला पेलणार आहे का? तासभर नुसता धुरळा!

मेधा कणसं भाजत होती. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्यापैकी टिकल्यांचं सोडून दुसरं पिस्तूल हातात कुणी घेतलंय?"

सगळे कणसांकडे वळले.

* * *

लायसन्सच्या चौकशीला मीच त्याला घेऊन गेलो. काउंटरमागे चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एक बाई. पेन उचलून त्यांनी विचारलं, "रीझन?"

खोटं बोलायची अविला सवय नाही. त्याने सरळ सांगितलं, "घरात चोर. बाहेर मगर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सॉरी मेट. यातलं एकही रीझन नाही."

स्वतःच्या रक्षणासाठी इथे पिस्तूल मिळतच नाही. क्लबात जाऊन नेम धरायचा असेल तरच मिळतं. अविने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, जणू कायदा मीच केला होता. मग म्हणाला, "ठीक आहे. नेम धरतो."

* * *

क्लबात केव्हिन नावाचा म्हातारा शिकवायला. अविने त्यालाही तेच विचारलं, सगळ्याला चालेल असं पिस्तूल कोणतं?

केव्हिन म्हणाला, "मगरीसाठी? पाण्यापासून लांब उभा राहा, मेट. फुकट आहे आणि कधी जॅम होत नाही!"

कित्येक महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव करून अविला स्वतःचं मिळालं. साधं पॉइंट टू टू, कागदाला भोकं पाडायचं. पण तो खूश होता. लोखंडी सेफ आणली, काँक्रीटमध्ये बोल्ट ठोकून बसवली. गोळ्या वेगळ्या, त्यांचं कुलूप वेगळं. आम्हा सगळ्यांना बोलावून त्याने मेधाला ती दाखवली.

मेधाने विचारलं, "किल्ल्या कुठे ठेवायच्या?"

"माझ्याकडे. लायसन्स माझं आहे ना. तुला देता येत नाहीत."

"आणि तू नाईटला गेलास की?"

"माझ्याबरोबर हॉस्पिटलात."

मेधा सेफकडे बघत राहिली. "म्हणजे चोर आले की हे पिस्तूल घरी, किल्ल्या हॉस्पिटलात आणि मी हॉलमध्ये." मग अविच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "वेड्या, मला पिस्तूल नको होतं. तू रात्री घरी हवा होतास."

त्यानंतर अविने नाईट्स कमी करून घेतल्या. पगार घटला, मेधा झोपायला लागली. पिस्तूल सेफमध्येच होतं, पण अवि कामाला आला होता.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्यांची हत्यारं पूजेला मांडतात. माझं हेल्मेट, कुणाचा लॅपटॉप, अविचा स्टेथोस्कोप. त्या वर्षी मेधा हट्टाला पेटली, "घरात खरं शस्त्र असताना लॅपटॉपला कसलं हळदीकुंकू?"

पण पिस्तूल दुसऱ्याच्या घरी नेता येत नाही. मग पूजाच क्लबात नेली! केव्हिनने नळीला हळद लावू दिली नाही, पिस्तुलाच्या पेटीला लावू दिली. झेंडूची फुलं चालवून घेतली. अविने नारळ काढला तसा त्याने हात वर केला.

"ते काय करणार?"

"फोडणार."

"माझ्या रेंजवर इअरमफशिवाय काहीही फुटणार नाही!"

झालं! साड्या-कुर्त्यांवर आम्ही सगळ्यांनी इअरमफ चढवले, पांढऱ्या रेषेच्या मागे उभे राहिलो आणि केव्हिनने मोठ्याने हुकूम दिल्यावर अविने नारळ फोडला. मेधा हसून हसून खाली बसली. पैठणी, नथ आणि कानांवर ते हिरवे मफ. फोटो मीच काढला.

* * *

तो फोटो पुढे हार घालायला लागेल असं वाटलं नव्हतं. मेधाला कॅन्सर निघाला तेव्हा फार पुढे गेलेला होता. दुसऱ्यांना वेदना होऊ नयेत म्हणून जन्मभर राबलेला अवि तिच्या उशाशी नुसता बसून असायचा. वेट सीझन, म्हणजे इथला पावसाळा, संपायच्या आत ती गेली.

दुसरे चांगले फोटो होते. अवि म्हणाला, "हाच लावायचा. इअरमफसकट." केव्हिन टोपी हातात घेऊन त्या फोटोपुढे कितीतरी वेळ उभा होता.

* * *

त्यानंतर अवि फोन उचलेना. आम्ही आळीपाळीने डबे नेऊन द्यायचो, बरेचसे तसेच परत यायचे. मेधा दिवे लावून बसायची त्याच जागी तो दिवे न लावता बसलेला असायचा. सेफ घरातच होती; मला त्याच्या जिवाची भीती वाटायला लागली होती, पण विचारायचं कसं ते कळत नव्हतं.

एका सकाळी त्याचाच फोन आला. "गाडी काढ. ते पिस्तूल परत द्यायचंय."

पेटीला अजून हळदीचा डाग होता. काउंटरला त्याच बाई होत्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी पेटी बघितली, पेन उचललं. आपल्याला त्या ओळखतात की नाही, काही कळेना.

"सरेंडर करताय? रीझन?"

अविने पेटी बाईंकडे सरकवली. मग म्हणाला, "घरात आता मी एकटाच असतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. बाजूचं छोटं दार उघडून त्या बाहेर आल्या, अविला हाताला धरून भिंतीलगतच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"हे रीझन आहे, मेट," त्या म्हणाल्या.