त्याच्या आधीपासून सांग

कबिनी धरणाच्या पाण्यावरचे ते प्रकरण अजून माझी पाठ सोडत नाही. तेव्हा मी एच. डी. कोटे तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या एका ठेकेदाराकडे होता. त्याच्या बोटी अडवून इंजिने पळवणे चालू होते. या वेळी चोरट्यांनी बोटीवरचा राखणदारही नेला. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवरून उठेना. ठेकेदाराचा मात्र एकच धोशा, "समुद्रावरचे चाचे बरे, साहेब! बंदूकवाले मागवा."

शहरात नजरबादला घरी फोन केला, तर भाचा सुट्टीवर आलेला. मालवाहू जहाजावर नोकरी. त्याचे जहाज एकदा सोमालियाजवळ चाच्यांनी धरून ठेवले होते. मी चेष्टेने म्हणालो, "तुझे चाचे आमच्याकडेही आले रे!"

तो हसला नाही. "मामा, सुम्ने, उगाच कोणी दुसऱ्याच्या बोटीवर चढत नाही. आमच्यावर पहारा करणारा चाचा मूळचा कोळी. म्हणायचा, देशात सरकार उरलं नाही, तेव्हा परदेशी ट्रॉलर आले, मासळी ओरबाडली, आमची जाळी फाडली. आधी त्यांना हाकलायला निघालो, मग खंडणीची चटक लागली."

"आणि लढाऊ जहाजं आली ना?"

"आली, अनेक देशांची. त्यांच्यामुळे आमचे जीव वाचले, खोटं कशाला बोलू? पण ती आमच्यासाठी आली होती, त्या कोळ्यांच्या मासळीसाठी नाही."

दुसऱ्या दिवशी खबर आली, शहरात लष्कर मोहल्ल्यातल्या एका गॅरेजात कोणी बोटीचे इंजिन विकायला आणले आहे. माणूस इंजिनासकट हाती लागला. जलाशयाकाठचा मच्छीमार, तोंडाला कुलूप. दरडावून झाले, समजावून झाले, ढिम्म. उपाशी माणसाची चौकशी करायची नाही, हा माझा नेम. शिपायाने रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, आणि सार आणले. त्या मच्छीमाराने गोळ्याचे दोन भाग केले, एक खाल्ला आणि दुसरा पानात गुंडाळून बाजूला ठेवला.

"तो कोणासाठी?" मी विचारले.

त्याने मान खाली घातली. राखणदार जिवंत आहे, हे मला तिथेच कळले. मला किती हायसे वाटले ते सांगता येत नाही.

"त्याची बायको बाहेर बसली आहे. तिलाही घास उतरत नाही," मी म्हणालो.

तो उठला. "चला साहेब, दाखवतो."

जलाशयातल्या एका बेटावर राखणदार सापडला, सुखरूप. बायकोने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग रडली.

राखणदाराचा जबाब घेताना ठेकेदार खुर्ची ओढून शेजारी बसला. मी त्याला बाहेर काढले. हवालदाराने विचारले, "बोट अडवली तिथपासून लिहू?"

मला भाच्याचे बोलणे आठवले. राखणदाराला म्हणालो, "नाही. त्याच्या आधीपासून सांग."

तो चुळबुळला. "नोकरी जाईल, साहेब."

"जाऊ दे," बायको म्हणाली. "त्यांनी स्वतःच्या घासातलं अर्धं तुला दिलं ना? मग सांग."

तेव्हा तो बोलला. काठावर मासे धरायची गावकऱ्यांना मुभा होती. ठेकेदाराच्या सांगण्यावरून रोज पहाटे तोच त्यांची जाळी कापत असे. आधी ते आर्जवे करायला आले, मग भांडायला, शेवटी बोट अडवायला.

मी दोन गुन्हे नोंदवले, एक पळवून नेल्याचा, दुसरा जाळी कापल्याचा. पहिल्यात शिक्षा झाली, आणि व्हायलाच हवी होती. बांधून ठेवलेल्या माणसाचे हाल खरेच असतात. दुसरा गुन्हा कोर्टात रखडला. राखणदाराची नोकरी गेली. पाण्यावर बंदूकवाले आले, लूट थांबली, आणि सगळ्यांनी हुश्श केले. जाळी कापायला ठेकेदाराने नवा राखणदार ठेवला.

नोकरीत मी गुन्हेगार पुष्कळ पकडले. पण गुन्हा जिथे नोंदवला जातो तिथे तो सुरू झालेला नसतो, हे त्या नवराबायकोने मला शिकवले. आजही टीव्हीवर कुठले जहाज पळवल्याची बातमी लागते. निवेदिका घाईघाईने सांगते, चाचे शिडी लावून वर चढले. मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणतो, "बाई, त्याच्या आधीपासून सांग."