क्रोटनचा रंग

बोंबील धुतलेल्या पाण्याचा वास आला की मला आमच्या उत्तनच्या चर्चमधली क्रोटनची कुंडी आठवते. माझ्या लहानपणची गोष्ट. सणाला वेदीशेजारी ठेवायला आईने ते झाड वाढवलं होतं, पण पानांना काही रंग चढेना. शेजारची मावशी म्हणाली, “सावलीत कशाला ठेवलाय? उन्हात ठेव नि बोंबील धुतलेलं पानी घाल. मग बघ, रंग येतो का न्हाय.” महिनाभरात पानं लालपिवळी झाली, आणि सणाच्या दिवशी आई ऐटीत पहिल्या बाकावर बसली. फादरांनी प्रवचन सुरू केलं तशी गावातली मांजरं एकेक करून आत आली आणि कुंडीभोवती शेपट्या गुंडाळून बसली. फादर थांबून म्हणाले, “इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.” आता माझ्या क्रोटनचा रंग बघून कुणी खत विचारलं, तर मी आधी विचारते, घरी मांजर आहे का?