विचारल्याशिवाय न बोलणारं यंत्र

आमच्या साडूंइतका चौकस माणूस अख्ख्या बडोद्यात शोधून सापडणार नाही. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनी नैवेद्य दाखवायला सांगितला, की हे दाखवून वर विचारणार, "पोचला?" घडियाळी पोळमधल्या शिंप्याकडे माप देऊन निघाले, की कोपऱ्यावरून परत फिरणार. "लिहिलंत ना? वाचून दाखवा बरं." फोन ठेवल्यावर पुन्हा फोन करून "मघाशी बोललो ते ऐकू आलं ना?" असं विचारणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यांचा फोन येऊन गेला, की माझी बायको दुसऱ्या फोनची वाट पाहत तिथेच उभी राहते.

साडू मूळचे असे नव्हते. पूर्वी ते कुणाला काही विचारतच नसत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विंडोजवर दुकानदारांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहिले. तिथे काही बिघडलं, की पडद्याच्या मधोमध चौकट उगवते, टुंग असा आवाज होतो आणि तक्रार आपल्या पायांनी चालत येते. माणसांचंही तसंच असतं, अशी त्यांची पक्की समजूत. "ज्याचं दुखेल तो बोलेल. जवा दे ने!" हे गुजराती 'जाऊ दे ना' त्यांच्या तोंडी कायम. एकुलत्या एका मेधाला त्यांनी कॉमर्सला घातलं. तिला चित्रकला शिकायची होती, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. ती तेव्हा काही बोलली नाही, आणि पुढे बापाशी बोलेनाशीच झाली. "पान वाढलंय," एवढंच काय ते. साडू कौतुकाने सांगत, "गुणी पोर. तक्रार म्हणून नाही." हे ऐकलं की ताई, माझी मोठी मेहुणी, उठून स्वयंपाकघरात जाई.

मग त्यांच्या कंपनीला एका कारखान्याचं काम मिळालं आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर साडूंना लिनक्स शिकावं लागलं. काळा पडदा, चौकट नाही, टुंग नाही. भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणारा त्यांचा प्रोग्रॅम मुकाट चालत होता, म्हणून साडू खूश. प्रत्यक्षात डिस्क भरली होती. प्रत्येक नोंदीला यंत्र 'जमलं नाही' असं उत्तर देत होतं. पण ते उत्तर प्रोग्रॅमने आपण होऊन पाहायचं असतं, आणि साडूंनी ती सोयच केली नव्हती. सगळ्या नोंदी गेल्या. नोकरी कशीबशी वाचली.

"दर वेळी सांगत होतं रे ते," साडू मला म्हणाले. चेहरा पार उतरला होता. "मीच विचारलं नाही." त्यांनी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, प्रत्येक कामापाठोपाठ विचारणा घालून: झालं का? नसेल तर का नाही? ती सवय अंगात मुरली आणि शिंप्यापासून गुरुजींपर्यंत सगळ्यांना तिचा ताप झाला.

अशाच एका रविवारी आम्ही नागरवाड्यात त्यांच्याकडे जेवायला होतो. मेधा तोवर बँकेत लागली होती. ती वाढत असताना साडू घास घेता घेता थांबले.

"मेधा, तुला कॉमर्सला घातलं... चुकलं का गं माझं?"

ताईचा हात भाताच्या पातेल्यावर तसाच राहिला.

"हो, बाबा," मेधा म्हणाली. आणि मग ती बोलतच राहिली. चित्रकलेच्या कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परत आल्याचं, रंग मैत्रिणीला देऊन टाकल्याचं, सगळं. साडूंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मला त्या माणसाची फार माया आली.

"मग आता काय करू मी?" त्यांनी विचारलं.

"आता काही नाही, बाबा. तेव्हा विचारायला हवं होतंत."

साडूंनी मान खाली घातली. मेधा त्यांच्या ताटाकडे पाहून म्हणाली, "भात वाढू?"