वत्सलाबाईंच्या गालातला चट्टा

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — ती शेजारच्याच खोलीत लहान मुलांचे दात बघते, तरीही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही.

पंचवटीत माझा दातांचा दवाखाना आहे. मखमलाबादकडच्या वत्सलाबाई माझ्याकडे यायच्या. घरची फुलशेती, सकाळी बाजारात फुलं विकली की परस्पर दवाखान्यात. तंबाखूच्या मिशरीची सवय अगदी मुलगी असल्यापासूनची. एकदा दाढ दुखते म्हणून आल्या. मी आरसा आत घातला आणि डाव्या गालाच्या आत, मिशरी धरून ठेवायच्या तिथेच, पांढरा चट्टा दिसला. कडेनं लालसर. पुसून पाहिला, निघेना. बोटाला खरखरीत लागला.

मला कळलं होतं — हे आधी सांगून टाकतो. खात्री नव्हती, पण तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा, एवढं शिकाऊ पोरांनाही कळतं.

त्यांनी विचारलंही. "काय वाईट नाय ना, डॉक्टर?"

"दाढ घासतेय गालाला," मी म्हणालो. दाढेची धार घासून दिली, गोळ्या दिल्या. मिशरीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

का? त्याआधी एका मास्तरांना असंच तपासायला पाठवलं होतं. काही निघालं नाही. ते येऊन बाकावरच्या सगळ्या पेशंटसमोर माझ्यावर ओरडले — उगाच घाबरवून सोडता माणसाला! तेव्हापासून मी कॅन्सर हा शब्दच टाळत होतो. पण वत्सलाबाई कुठे ओरडणार होत्या? त्या नुसतं "बरं" म्हणाल्या असत्या आणि गेल्या असत्या.

दीडेक वर्षानं मुलगा त्यांना घेऊन आला. प्रवीण — अंबडला कारखान्यात आहे. बाईंचं तोंड धड उघडत नव्हतं. मानेत गाठ. मी लगेच मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, फोन केले, ओळखी काढल्या. फार धावपळ केली. कुणासाठी — त्यांच्यासाठी?

प्रवीणनं जिन्यात गाठून विचारलं, "डॉक्टर, आधी कळलं असतं का हे?"

सांगायची वेळ ती होती.

"हे लवकर लक्षात येत नाही," मी म्हणालो.

त्यांचा अर्धा जबडा काढला. पुढे नळीनं पेज. मी भेटायला गेलो की माझा हात धरून ठेवायच्या; बोललेलं कळायचं नाही. मग गेल्या. मला रडू आलं नाही. बातमी आली त्या दुपारी मी नेहमीसारखे पेशंट बघितले.

गेल्या महिन्यात प्रवीणनं आईच्या नावानं गावात तपासणी शिबिर ठेवलं. मी सकाळभर बायकांची तोंडं तपासली. दोघींच्या तोंडात तसंच काहीतरी होतं. त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, पुढे पाठवलं. घाबरल्या, पण हो म्हणाल्या. सांगायला फार वेळ लागला नाही.

शेवटी प्रवीण माइकवर आला. "आईचा आजार या डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखला," तो म्हणाला. "आम्हीच तिला उशिरा आणलं."

मग त्यानं शाल पुढे केली. मी उठलो, मान वाकवली आणि ती अंगावर घेतली.