एकाच गाडीत दोन साहित्यिक

चाकणजवळच्या आमच्या कामगार वसाहतीची व्याख्यानमाला गेल्या वर्षी शेवटच्या घटका मोजत होती. समितीने मला बजावलं होतं, यंदा गर्दी जमली नाही तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा. म्हणून मी पाप केलं. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन नामवंत लेखकांना एकाच संध्याकाळी बोलावलं आणि दोघांनाही खोटंच सांगितलं, “छे सर, ते नाहीत यंदा.”

त्यांचं भांडण दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षं चाललेलं. एक कादंबरीकार, राहणार वाकड, लिहिणार खेड्यावर. दुसरे थेरगावचे कवी. कवींनी त्यांना ‘अकराव्या मजल्यावरचा शेतकरी’ म्हटलं होतं. कादंबरीकारांचं म्हणणं, कवींच्या कविता फक्त त्यांची बायको वाचते, तीही नाइलाजाने.

दोघांना आणायला मी दोन गाड्या सांगितल्या होत्या. पण गाड्या बघणारा आमचा मित्र कंपनीत पिकअपचे रूट लावतो. एकाच वाटेवरची दोन माणसं दोन गाड्यांत बसवणं त्याच्या जिवावर आलं. कादंबरीकारांना घेऊन मी वाकडहून निघालो, तर ड्रायव्हरने थेरगावात गाडी थांबवली. मागचं दार उघडलं, समोर कवी. उशीर झाला होता, दुसरी गाडी नव्हती. ते बसले.

“यांना म्हणावं, सरका.”

“त्यांना सांगा, मी आधी बसलोय.”

“पुरस्कार समितीवरही असेच आधी जाऊन बसले होते.”

चाकणच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. कादंबरीकार संतापून उतरले आणि चालू लागले. गाडी त्यांच्या शेजारून त्याच वेगाने सरकत होती. कवींनी काच खाली केली.

“अरे वा! मातीला पाय लागले!”

“तुझ्या कवितेपेक्षा लवकर पोचेन!”

“काका, भांडायचं तर कडेला घ्या राव!” मागून एक दुचाकीवाला ओरडला. त्याच्या मागे बसलेला मोबाइलवर सगळं टिपत होता.

आम्ही पोचेपर्यंत तो व्हिडिओ वसाहतीच्या ग्रुपवर फिरला होता. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. दोघंही परत गेले नाहीत, कारण आधी जाणारा हरला असता. दोघंही एकमेकांवरच बोलले. साहित्याबद्दल चकार शब्द नाही, पण शिट्ट्या भरपूर.

ऑर्केस्ट्रा टळला. समिती खूश आहे, यंदाही हेच दोघं हवेत म्हणते. दोघांनी माझा नंबर ब्लॉक केलाय, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यांची पुस्तकं मी तरुणपणापासून विकत घेऊन वाचत आलोय. घरी जाऊन माफी मागावी असं रोज वाटतं. पण आधी कुणाकडे जायचं, तेच ठरत नाही.